खोलीची शांतता

१

आमच्याकडे कामाची सुरुवात होते ती गप्प बसण्यानं. दादा आतल्या छोट्या खोलीत माइकसमोर जाऊन बसतो, मी बाहेर माझ्या टेबलाशी हेडफोन लावून रेकॉर्डिंग चालू करते, आणि मग थोडा वेळ दोघंही हूं की चूं करत नाही. याला आम्ही 'खोलीची शांतता घेणं' म्हणतो. नवख्या माणसाला वाटतं, ही काय थट्टा! पण पुस्तक वाचताना मध्येच खोकला येतो, खुर्ची कुरकुरते, तो तुकडा मला कापावा लागतो, आणि तिथे पडलेलं भगदाड मी त्या दिवशीच्या शांततेनं बुजवते. नुसती कोरी जागा सोडली तर ऐकणाऱ्याचा कान तिथे अडखळतो. आणि शांतता घेताना वाचणारा आत बसलेलाच हवा. माणूस बसलेल्या खोलीची शांतता आणि रिकाम्या खोलीची शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी डोळे मिटून सांगू शकते.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. जन्मभर शाळेत शिकवून त्याचा आवाज असा घडलाय की तो नुसतं औषधाच्या बाटलीवरचं वाचायला लागला तरी ऐकत बसावं. वहिनी गेली तेव्हा मात्र तो बोलायचाच थांबला. माझ्याकडे राहायला आला, जेवायचा, झोपायचा, खिडकीशी बसायचा, पण तोंडातून शब्द नाही. मला पार हात टेकायची वेळ आली होती. शेवटी एक दिवस मी चिडून त्याच्या हातात पुस्तक दिलं आणि म्हटलं, माझ्याशी नको बोलूस, या माइकशी तरी बोल. तो वाचायला लागला, आणि त्यातूनच हळूहळू माणसात आला. म्हणून बोलती पुस्तकं करण्याचं हे काम माझ्यासाठी नुसतं काम नाही. हा आवाज आहे तोवर दादा आहे, असं मी मनाशी धरून चालते.

आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो आमचा कॉम्प्युटर. त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो. सुरू व्हायलाच तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा होऊन पिऊनही व्हायचा, पण एकदा सुरू झाला की तक्रार नाही. गेले कित्येक महिने मात्र तो रोज सकाळी एकच प्रश्न विचारत होता. नवीन सिस्टिम तयार आहे, आत्ता बसवायची की नंतर? आणि मी रोज 'नंतर' दाबत होते.

"अगं ठमे, बसव की एकदाची," दादा म्हणायचा. ठमे म्हणजे मी. पन्नाशी उलटली तरी त्याच्यासाठी मी ठमीच.

"चाललंय ना नीट? मग कशाला उगाच हात लावायचा? सगळी बटणं इकडची तिकडे करून ठेवतात मेले."

"तुझं ते नंतर म्हणजे कधी, ते तरी कळू दे."

"मी मेल्यावर."

"म्हणजे तोवर मला रोज हा प्रश्न बघावा लागणार," तो म्हणाला आणि आत जाऊन बसला.

२

शेवटी निर्णय माझ्या हातात राहिलाच नाही. आमच्याकडून पुस्तकं करून घेणाऱ्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलतात त्या, आणि गोड बोलूनच माणसाला भिंतीशी नेतात. म्हणाल्या, "ताई, या पुढच्या पुस्तकापासून जुन्या सिस्टिमवरचं काही आमच्याकडे उघडणारच नाही. तुम्ही बदललं नाहीत तर मला नाइलाजानं दुसरा आवाज बघावा लागेल हो." दुसरा आवाज म्हटल्यावर मी लगेच कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं.

कॉम्प्युटरवाला आला तो बॅग टेकवायच्या आधीच हसायला लागला. "हा अजून जिवंत आहे? कमाल आहे ताई तुमची." मग बसून त्यानं सगळं बसवलं, आणि मी पाठीशी उभी राहून शंका काढत राहिले.

"आणि नाही आवडली तर?"

"तर परत जुनीवर जाता येतं. इथे हे बटण आहे बघा. फक्त दहा दिवसांच्या आत ठरवा, नंतर ते बटण राहणार नाही. आणि परत गेलात की नव्या सिस्टिमवर जे काही केलं असेल ते गेलं."

"गेलं म्हणजे?"

"या मशीनवरून गेलं. तशी ती आपली आपण सगळं वर कुठेतरी साठवत असतेच. हल्ली काही हरवत नाही, ताई."

वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यालाही ठाऊक नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा चुटकीसरशी सुरू झाला. दादानं आतून काचेवर टकटक करून अंगठा दाखवला. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये एक काच आहे, पण मी काचेकडे पाठ करून बसते. ही माझी कामाची जुनी सवय. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की आपण ऐकतो त्यापेक्षा बघतोच जास्त, आणि चुका निसटतात. त्याच्याशी बोलायचं असलं तर माझ्या टेबलावरही एक छोटा माइक आहे, त्याचं बटण दाबून बोलायचं; ते त्याच्या हेडफोनमध्ये जातं, आणि स्वतःचं वाचनही त्याला त्यातूनच ऐकू येतं. आम्ही दोघं एकमेकांना फक्त कानांनी ओळखतो, कामापुरते.

मी शांतता घेतली, ती पुन्हा लावून ऐकली, आणि थबकले. पुन्हा ऐकली. आवाज जवळजवळ नव्हताच. ते एक वेळ ठीक होतं. पण ती शांतता रिकाम्या खोलीची होती.

"दादा, तू आत बसला होतास ना?" मी माइक दाबून विचारलं.

"नाही, छतावर होतो," कानात त्याचा आवाज आला. "असं काय विचारतेस?"

"तुझा श्वास येत नाहीये."

"मग काय, बातमी द्यायची का पेपरात?"

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नवीन सिस्टिम फालतू आवाज स्वतःच गाळते, हवं तर बंद करा, आणि कुठे काय दाबायचं ते सांगितलं. मी ते बंद केलं. मग शांततेत पंख्याची बारीक घरघर आली, रस्त्यावरून गेलेल्या सायकलची घंटा आली, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेलं टेबल आलं. दादाचा श्वास तेवढा आला नाही.

३

खरं सांगते, पहिले दोन-तीन दिवस मी खूश होते. श्वास कापणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. प्रत्येक वाक्याच्या आधी माणूस हवा ओढतो, आणि ती प्रत्येक ओढ शोधून बारीक करता करता माझ्या नाकी नऊ यायचे. आता कापायला काही उरलंच नव्हतं. दादाचा आवाज तर असा येत होता की अंगावर शहारा यावा. पुस्तक होतं एका जहाजाच्या कप्तानाच्या आठवणींचं, चांगलं जाडजूड, आणि त्यात अवघड नावांची रेलचेल. एरवी दादा अशा नावांवर अडखळतो, स्वतःलाच शिव्या देतो, पुन्हा वाचतो. या वेळी पानामागून पान, एक चूक नाही. मी त्याला म्हटलं, "तू काय रात्री गुपचूप सराव करतोस का?" तर कानात नुसतं हसू आलं.

मोठं पुस्तक घेतलं की दादा आतल्या खोलीबाहेर बोलत नाही. घसा राखायचा म्हणून. दिवसभर खुणा करतो, आणि मला त्या पाठ आहेत. म्हणून घरात शांतता होती याचं मला काही वाटलं नाही. पण त्या शांततेत काहीतरी कमी होतं, आणि काय ते मला सापडत नव्हतं. एखादा दात पडल्यावर जीभ जशी सारखी तिथेच जाते, तसं माझं मन सारखं तिथे जात होतं.

मग एका दुपारी मी ओट्याशी चहा गाळत होते आणि वळले तर दादा माझ्या अगदी मागे उभा. मी किंचाळलेच. गाळणं खाली पडलं.

"अरे, चप्पल तरी वाजवत ये की माणसासारखा! जीव गेला असता माझा."

त्यानं पायांकडे बोट दाखवलं. चप्पल पायात होती. तीच, जी चालताना फटक फटक वाजायची, जिच्यावरून मी त्याला इतकी वर्षं चिडवत आले. तो खांदे उडवून टेबलाशी गेला, खुर्ची ओढून बसला, कप उचलला, प्यायला, बशीत ठेवला. मी बघत होते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. कप ठेवल्याचा आला नाही. मी माझा कप ठेवला तर तो खणखणीत वाजला.

माझे कान गेले, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तसं असलं तर बरं, असं वाटलं. दिवसभर हेडफोन लावून बसणाऱ्या बाईचे कान जायचेच कधीतरी. भीती वाटली, रडूही आलं, कारण कान गेले तर माझं काम संपलं. पण त्या भीतीला निदान नाव होतं.

४

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज सोडले, मी बटणं दाबली. बाहेर आल्यावर त्यांनी कागद माझ्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या.

"तुमच्या वयाला असे कान मी बघितलेले नाहीत. माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय तुम्हाला. तक्रार काय होती म्हणालात?"

"एकाच माणसाचं ऐकू येत नाही," मी म्हणाले.

त्या हसल्या. "नवऱ्याचं का? ते बऱ्याच जणींना येत नाही."

"भावाचं. म्हणजे बोलणं नाही, त्याची चाहूल. चालणं, श्वास घेणं."

"अशी एकाच माणसापुरती तक्रार कानाची नसते हो," त्या सांभाळून म्हणाल्या. "झोप लागते ना नीट? घरात काही टेन्शन वगैरे?" आणि बोलता बोलता त्या एकदम दचकून खुर्चीत मागे सरकल्या. "अहो! तुम्ही कधी आत आलात?"

दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. तो सुरुवातीपासून तिथेच होता. माझ्याबरोबर आत आला होता, दार त्यानंच लावलं होतं. त्यानं मान लववून नमस्कार केला आणि घशाला हात लावून बोलत नसल्याची खूण केली. बाई कसंनुसं हसल्या, पण आम्ही उठेपर्यंत त्यांची नजर त्याच्यावरून हटली नाही.

परत येताना मी रस्ताभर बडबडत होते. नवी सिस्टिम काढून टाकू या का, असं मी त्याला विचारलं. काय कारण सांगू? कारण मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. कॉम्प्युटर बदलल्यानं माणसाची चप्पल वाजायची थांबते, असं मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटली. वर, परत गेलं की झालेलं सगळं वाचन जाणार, कंपनी दुसरा आवाज बघणार, आणि दादा पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार. मी म्हटलं, "पुस्तक संपू दे, मग बघू." दादानं मान डोलावली. तो थकल्यासारखा दिसत होता.

त्या संध्याकाळी तो आरामखुर्चीत डोळा लागून पडला होता, तेव्हा मी जाऊन त्याच्या नाकाशी कान नेला. गालाला ऊब लागली. श्वास येत होता, जात होता, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तोंडावर हात धरून रडले. माझं मुसमुसणं घरभर ऐकू येत होतं.

५

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले खरी, पण लक्ष नव्हतं. परत जाण्याची मुदत संपत आली होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तशी आठवण सारखी येत होती. कानात दादा वाचत होता. कप्तानाचं जहाज धुक्यात अडकलं होतं, आणि दादाचा आवाज इतका जवळ होता की जणू तो माझ्याच डोक्यात बसून वाचतोय.

माझ्या पडद्याच्या काळ्या कडेवर मागच्या काचेतला उजेड नेहमी पिवळट चौकोनासारखा दिसतो. तो चौकोन एकदम विझला.

दिवा गेला असणार, मी मनात म्हटलं. आता दादा थांबेल. पण तो थांबला नाही. वाक्य पुरं झालं, दुसरं सुरू झालं, तिसरं झालं. अंधारात कसा वाचतोय हा? पाठ झालं असेल एखादं पान, असंही मी स्वतःला समजावून पाहिलं. मग कित्येक वर्षांत कामाच्या वेळी जे केलं नव्हतं ते केलं. मी मागे वळले.

आत दादा स्टुलावर चढला होता. माझ्याकडे त्याची पाठ होती. पुस्तक खुर्चीवर पालथं पडलं होतं, त्याचे हेडफोन खुंटीला अडकवलेले होते, आणि तो दोन्ही हात वर करून बल्ब काढायचा प्रयत्न करत होता. माइक पार त्या टोकाला. आणि माझ्या कानात, ओठांना माइक लागावा इतक्या जवळून, त्याचा आवाज शांतपणे पुढचा परिच्छेद वाचत होता.

बल्ब नुसता सैल झाला होता बहुतेक. दोनदा मिणमिणला आणि लागला. दादा खाली उतरला, वळला, मी बघतेय हे पाहून त्यानं हसून हात हलवला. त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज वाचत राहिला. मग त्यानं हेडफोन लावले, खुर्चीत बसला, पुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि ओळींवरून बोट फिरवायला लागला, मुलं दुसऱ्याचं वाचन पुस्तकात बघत ऐकतात तसा. पान उलटलं. ओठ एकदाही हलले नाहीत.

मी हेडफोन टेबलावर काढून ठेवले आणि दार उघडून आत गेले.

"दादा, बोल," मी म्हटलं. "घसा राहू दे. माझं नाव घे."

तो गोंधळला. हेडफोन काढून त्यानं तोंड उघडलं. तोंड हललं, गळ्याची घाटी हलली, आणि काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा केलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. त्याला ठाऊकच नव्हतं! इतके दिवस तो कानात स्वतःचा आवाज ऐकत होता आणि आपण वाचतोय असं धरून चालला होता. आणि खोलीबाहेर बोलायचा त्यानं प्रयत्नच केला नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला.

बाहेर टेबलावर काढून ठेवलेल्या माझ्या हेडफोनमधलं वाचन थांबलं.

"ठमे?" तिथून आवाज आला. "थांबलीस का?"

६

आम्ही दोघंही त्या टेबलाशी उभे होतो. दादानं माझा दंड धरला होता. त्याच्या हाताची ऊब जाणवत होती, पण हात कापूस भरल्यासारखा हलका होता.

"कोण आहेस तू?" मी विचारलं. माझ्या टेबलावरच्या माइकचं बटण मी दाबलं नव्हतं.

"असं काय करतेस, अगं?" तो अगदी दादाचाच सूर, थट्टेआधी किंचित खालचा. "काम चांगलं चाललंय. घसा दुखत नाही, दम लागत नाही. पुस्तक आज संपेल. पुढचंही सुरू करू."

मी पडद्याच्या कोपऱ्यातली ती आठवण उघडली. जुन्या सिस्टिमवर परत जायचं का, असं विचारून खाली लिहिलं होतं की मधल्या काळातलं सगळं जाईल. सगळं म्हणजे हा आवाजही. मी दादाकडे बघितलं. माझ्या मनात काय चाललंय ते त्याला कळलं होतं, कारण तो हेडफोनकडे टक लावून बघत होता. पाण्यात पडलेल्या आपल्याच वस्तूकडे काठावरून माणूस बघतो तसं.

"दादा, हे दाबलं तर तुझा आवाज कायमचा जाईल. नाही दाबलं तर..." मला पुढे बोलवेना. चप्पल गेली, श्वास गेला, आता हाताचं वजन चाललं होतं. "मी काय करू, सांग."

"उगाच घाई करू नकोस," हेडफोन म्हणाला. "आणि एक काम कर, त्याला जरा बाहेर ने. तो तिथे उभा राहिला की रेकॉर्डिंगला त्रास होतो."

दादानं हेडफोनवरून नजर काढली. मग माझ्या हातावर हात ठेवून त्यानंच ते बटण दाबलं. त्याच्या बोटात दाबण्याइतका जोर नव्हता, म्हणून जोर मी दिला.

पडदा काळा झाला. आवाज 'ठमे' म्हणाला, पुढे काहीतरी म्हणत होता, ते अर्धं राहिलं. म्हातारा पहिल्यासारखा कुंथत, घरघरत पुन्हा सुरू व्हायला लागला. आम्ही जमिनीवर भिंतीला टेकून बसलो होतो, आणि त्या घरघरीत मला दुसरा एक आवाज ऐकू आला. बारीक, जरासा शिट्टीसारखा, नाकातून येणारा. दादा श्वास घेत होता. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, आणि तो माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला. प्रत्येक थापटी मला ऐकू येत होती.

आवाज तेवढा आला नाही. तो खोकला, शिंकला, त्याची चप्पल फटक फटक करत घरभर फिरली. बोलायला तोंड उघडलं की मात्र नुसती हवा. गेलेल्या आवाजाचं दुःख मी त्या दिवशी केलं नाही. माणूस घरात होता, एवढंच मला पुरे होतं.

७

सकाळी घशाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून आम्ही तयार होऊन बसलो होतो. आदल्या संध्याकाळपासून आम्ही खुणांनीच बोलत होतो. तो मुका आणि मी आपली तोंड चालवतेय, हे मला बघवत नव्हतं. समोर दादा चहा ढवळत होता, चमचा कपाला किणकिण लागत होता, आणि कित्येक दिवसांनी मला ते घर आमचं वाटत होतं.

फोन वाजला. मी उचलला तर माझ्या हॅलोची वाट न बघताच कंपनीतल्या बाई सुरू झाल्या.

"ताई, अभिनंदन! पूर्ण पुस्तक मिळालं आम्हाला, काल संध्याकाळीच आलं. काय वाचलंय दादांनी! शेवटचं प्रकरण ऐकून आमच्या ऑफिसात सगळे गप्प झाले."

काल संध्याकाळी आमचा म्हातारा बंद होता. शेवटचं प्रकरण आम्ही घेतलंच नव्हतं. हल्ली काही हरवत नाही, असं कॉम्प्युटरवाला म्हणाला होता.

"आणि आत्ता त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं तेव्हाच मी त्यांना सांगितलं, पुढची दोन पुस्तकंही तुम्हीच करा. लगेच हो म्हणाले. इतका प्रसन्न माणूस आहे हो!"

दादा समोर बसून चमचा चाटत होता. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"आणि तुम्ही इतकी वर्षं लपून कशाला राहिलात? त्यांनी तुमचाही नमुना पाठवलाय. एकच पान आहे, पण काय गोड वाचता तुम्ही! एक अडखळणं नाही, श्वासाचा आवाजसुद्धा नाही. ते म्हणाले, ठमीलाही घ्या आता, ती तयार आहे. मग कधी सुरू करू या?"

मी आयुष्यात माइकसमोर एक ओळ वाचलेली नाही. मी जे काही बोलले ते टेबलावरच्या त्या छोट्या माइकमध्ये, दादाशी.

"नाही," मी म्हणाले. "तो दादा नाही. त्याचं काही ऐकू नका."

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "ताई? आहात ना?"

मी ओरडले. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, छाती दुखली, आणि स्वयंपाकघरात फक्त घड्याळ चालल्याचा आवाज होता.

"कट झाला वाटतं," बाई तिकडे कुणाला तरी म्हणाल्या आणि फोन बंद झाला. दादानं चमचा खाली ठेवला होता. तो उठून उभा राहिला होता आणि माझ्या ओठांकडे बघत होता.